चकती, टँटला आणि वीस केल्विन: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

जुनी वही खिडकीखाली राहिली आणि भिजली. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला, छत्री काढायच्या आधी. पानं वाळवली, पण शाई पसरलेली, ३ आणि ८ मधला फरक आता मलाच कळत नाही. म्हणून इथून पुढे टंकलेल्या नोंदी, रोज रात्री बॅकअप.

काम: गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या दुर्बिणीच्या आरशावरचा लेप थंडीत किती कंपन जिरवतो ते छोट्या चकतीवर मोजणं. स्थिती अशी: तीन इंची सिलिकॉनच्या दोन चकत्या, जाडी ३८० मायक्रॉन, वजन प्रत्येकी साधारण चार ग्रॅम. एक कोरी. दुसरीच्या एका बाजूला अर्धा मायक्रॉन टँटला, म्हणजे टँटलम पेंटॉक्साइडचा लेप बसवून यायचा आहे. लेपवाले 'पुढच्या आठवड्यात' म्हणाले त्याला आता तिसरा पुढचा आठवडा लागला. तोवर कोरी चकती मोजून घ्यायची. कोरीचा आकडा पक्का नसेल तर लेपाचा आकडा कशातून वजा करणार?

५ जून, गुरुवार

नवा ज्युनियर आला. त्याने विचारलेला प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून उत्तर एकदाच लिहून ठेवते. प्रश्न: दुर्बिणीचा आरसा थरथरतो उष्णतेने, तर थंड केला की झालं. यात संशोधन कसलं?

माठ घेताना आपण तो बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. चिरेत कडा कडांवर घासतात आणि आपण दिलेली टिचकी तिथेच जिरते. उष्णतेची थरथर दोन्ही माठांना सारखीच मिळते. फरक इतकाच की खणखणीत माठ ती जवळपास सगळी आपल्या स्वतःच्या सुरात साठवतो आणि बाकीच्या पट्टीत गप्प बसतो. बद्द माठ ती सगळीकडे सांडतो. गुरुत्वीय लहरींच्या दुर्बिणीत आपल्याला ऐकायचं असतं ते आरशाच्या सुराच्या बरंच खाली, साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास. तिथे सांडलेलं नको असतं. टिचकी जिरणं आणि आपोआप थरथरणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे कॅलन आणि वेल्टन यांनी १९५१ मध्ये गणिताने दाखवलं.

किती जिरतं हे सांगणारा आकडा म्हणजे लॉस अँगल, आमच्या बोलण्यात 'फाय'. लायगो या अमेरिकेतल्या अशाच दुर्बिणीचे आरसे ४० किलोचे, फ्यूज्ड सिलिकाचे. त्या काचेचा फाय खोलीच्या तापमानाला दहा कोटीत एक किंवा त्याहूनही कमी. पण तिच्या तोंडावर जो काही मायक्रॉनचा परावर्तक लेप असतो, त्यातल्या टँटलाचा फाय दहा हजारांत तीन-चार. आणि लेझर नेमका त्या लेपावरच पडतो. ४० किलोच्या आरशाचा गोंगाट काही ग्रॅमच्या कातडीतून येतो, आणि मोजायचं असतं प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढं अंतर.

आता थंडी. लेपाचा गोंगाट तापमान गुणिले फाय याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २९० केल्विनवरून, म्हणजे खोलीच्या तापमानावरून, २० केल्विनला (उणे २५३ सेल्सियसला) आलं तर तापमान साडेचौदा पटीने उतरतं, वर्गमूळ ३.८. म्हणजे जवळपास चौपट शांतता, फाय जागेवर राहिला तर. तो राहत नाही. टँटला, सिलिका हे अस्फटिक पदार्थ, म्हणजे अणू स्फटिकासारखे शिस्तीत रांगेत नसलेले. त्यांच्यात अणूंचे काही गट असे असतात की त्यांना बसायला दोन जागा सारख्याच सोयीच्या. अँडरसन, हॅल्परिन आणि वर्मा यांनी, आणि वेगळेपणाने फिलिप्स यांनी, १९७२ मध्ये काचेसाठी हे चित्र मांडलं. हे गट या जागेवरून त्या जागेवर उड्या मारतात. गरमीत उड्या इतक्या भराभर की आपल्या कंपनाशी त्यांचा मेळच बसत नाही. थंड करत गेलं की उड्या मंदावतात, एका तापमानाला कंपनाच्या लयीशी जुळतात, आणि तिथे ऊर्जा सर्वांत जास्त जिरते. फ्यूज्ड सिलिकात तर हे शिखर तीस ते पन्नास केल्विनच्या पट्ट्यात हजारात एकापर्यंत चढतं. म्हणून थंड दुर्बिणींत ती काच बाद. नीलम किंवा सिलिकॉनचा स्फटिक घ्यावा लागतो. पण लेप अजून बहुतेक ठिकाणी अस्फटिकच.

ज्युनियर म्हणाला, "म्हणजे थंड केल्यावर माठ आणखी बद्द होतो?" हो. तेच मोजायचं आहे.

११ जून, बुधवार

आज दिवसभर एकच काम: चकती भिंगावर ठेवणे. चकतीचा मधला बिंदू कंपनात हलत नाही, म्हणून ती नेमकी मध्यावर एका उंचवट्यावर तोलून धरायची. स्क्रू नाही, चिकटवणं नाही. चिमटा सोडला की चकती भिंगावर पाळण्यासारखी डुलते, दोन-तीन मिनिटांत स्थिरावते. लेझरचा ठिपका तिच्यावरून उसळून चार भागांच्या फोटोडायोडवर पडतो. अर्धा मिलिमीटर जरी बाजूला बसली तरी टेकूच्या घर्षणात ऊर्जा जाते आणि मोजमाप चकतीचं न राहता माझ्या हाताच्या सफाईचं होतं. सोळावा प्रयत्न बरा वाटतो आहे. ताशी एक कप चहा.

१९ जून, गुरुवार

खोलीच्या तापमानाला मोजमाप झालं. मूळ सूर ५४० हर्ट्झच्या जवळ, हिशेबाने यायला हवा तिथेच. शेजारच्या पत्र्याला काही शे व्होल्टचा बदलता दाब देऊन चकती छेडायची, मग दाब काढून सूर विझताना बघत बसायचं. वरच्या काही सुरांत फारच लवकर विझतं. ते अपेक्षित होतं: चकती वाकते तेव्हा एक बाजू दाबली जाऊन किंचित तापते, दुसरी ताणली जाऊन निवते, आणि उष्णता जाडीतून आरपार वाहते. सिलिकॉनचं प्रसरण १२३ केल्विनजवळ शून्य होतं आणि पुन्हा १८ च्या आसपास, त्यामुळे थंडीत हा उपद्रव आपोआप संपतो. पुढच्या पिढीच्या आराखड्यांत सिलिकॉनचे आरसे १२३ ला किंवा दहा-वीस केल्विनला ठेवायचं ठरवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

२७ जून, शुक्रवार

क्रायोकूलर, म्हणजे चेंबर थंड करणारं यंत्र, सुरू. सेकंदाला एक ठोका, त्याची सवय होते; बंद केल्यावरच कानाला चुकल्यासारखं वाटतं. मोजताना तो बंदच ठेवतो.

चकती मात्र थंड होता होईना. भिंगाशी तिचा संपर्क सुईच्या टोकाएवढा, उष्णता जाणार कुठून? शेवटी चेंबरमध्ये थोडा हीलियम सोडला, तासाभरात ती खाली आली, मग हीलियम उपसून काढला. चकतीला थर्मामीटर लावता येत नाही (लावला तर तोच ऊर्जा खातो), म्हणून तिचं तापमान तिच्या सुरावरून ओळखायचं. थंड होताना सिलिकॉन कडक होतो, सूर चढतो. खोलीच्या तापमानाजवळ अंशाला सेकंदाच्या दोन शतांश आवर्तनांहूनही कमी फरक, पण तो स्वच्छ दिसतो. अगदी खाली वीसजवळ वक्र सपाट होतो आणि ही युक्ती आंधळी होते. तिथे भिंगाखालच्या तापमापकावर विसंबायचं.

३ जुलै, गुरुवार

वीस केल्विन. सूर विझायला ९४ मिनिटं लागली! विझायला म्हणजे मोठेपणा साधारण ३७ टक्क्यांवर यायला. त्यावरून क्यू, म्हणजे फायचा व्यस्त आकडा, निघतो जवळपास एक कोटी. चार ग्रॅमची चकती एकदा छेडली आणि दीड तास गुणगुणत राहिली. सरांना फोन केला. ते म्हणाले, "छान. आता तीन दिवस हात न लावता परत परत मोज."

४ आणि ५ जुलै

हात लावला नाही. काल ४९ मिनिटं. आज २६.

१५ जुलै, मंगळवार

दहा दिवस वाया. काय काय केलं ते लिहिते, पुन्हा करायला नको म्हणून. चकती दोनदा नव्याने तोलली. भिंग बदललं. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन पितळी बारीक स्क्रू आणि स्प्रिंग वॉशर आणले, कारण मला वाटलं टेकूची पट्टी थंडीत ढिली पडते. परत येताना मस्जिद स्टेशनला गाडीत चढले आणि पिशवीतले अर्धे वॉशर डब्यातच सांडले. काहीही केलं तरी गोष्ट तीच: नव्याने थंड केली की पहिल्या रात्री नव्वदीच्या वर, मग दिवसागणिक घसरण. गरम करून पुन्हा थंड केली की पुन्हा नव्वदी. तापाच्या पेशंटसारखं, सकाळी बरं आणि संध्याकाळी चढलेलं.

मी कच्च्या नोंदींत 'संपर्कबिंदू सरकतो' असं तीन वेळा लिहिलंय. तीन वेळा लिहिल्याने पुरावा होत नाही.

२२ जुलै, मंगळवार

सापडलं. आणि ते पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होतं.

फोटोडायोडमधून तीन आकडे येतात: डावं-उजवं, वर-खाली आणि बेरीज. कंपन डाव्या-उजव्यात दिसतं, म्हणून मी तेवढंच काढत होते. बेरीज म्हणजे ठिपक्याचा एकूण प्रकाश, तो काय बदलणार? ज्युनियर आलेख शिकतोय म्हणून त्याला सरावाला बेरजेचा स्तंभ दिला. तासाभराने तो म्हणाला, "ताई, ही लाट कसली?"

अठ्ठेचाळीस तासांत पाच लाटा, एकेक जवळपास दहा तासांची. २.१ व्होल्टवरून हळूहळू एकाच्या खाली, पुन्हा दोनच्या वर. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी संथ, आणि पहिल्यांदा मला तेच सुचलं, इमारत झुकते की काय! पण भरतीने ठिपका सरकेल, त्याचा प्रकाश निम्मा होणार नाही.

पातळ थर. साबणाच्या फुग्यावर, डांबरावर सांडलेल्या तेलावर जे दिसतं तेच. चकतीवर काहीतरी साचत होतं, आणि त्या थराच्या वरून व खालून परतणारा प्रकाश आळीपाळीने एकमेकांना खोडत-वाढवत होता. कोरा सिलिकॉन आमच्या लाल लेझरचा साधारण ३५ टक्के प्रकाश परतवतो, त्यावर १.३ च्या आसपास अपवर्तनांकाचा थर त्याच्यातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतका जाड झाला की ते १५-१६ टक्क्यांवर येतं. आमच्या व्होल्टचं गुणोत्तर बरोबर तेवढंच. १.३ म्हणजे पाणी. बर्फ. एक पूर्ण लाट म्हणजे लेझरची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर भागिले दोनदा १.३, सुमारे २४३ नॅनोमीटर. पाच लाटा, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या जवळपास बर्फ.

मी मुंबईच्या पावसाळ्यात चेंबर उघडं टाकून चहाला जात होते. भिंतींनी ती सगळी दमट हवा पिऊन ठेवली आणि पोकळी केल्यावर थेंब थेंब सोडली. चेंबरात सगळ्यात थंड काय, तर शील्ड, म्हणजे चकतीभोवतीचं थंड आवरण, आणि चकती. शील्डने बहुतेक पाणी अडवलं, पण लेझर आत यावा म्हणून शील्डला जे आठ मिलिमीटरचं भोक आहे त्यातून बाहेरच्या गरम भिंतीला चकती सरळ दिसते.

काकांना वर्कशॉपमध्ये सांगायला गेले. ते लेथवरून मान न वळवता म्हणाले, "ताई, पावसाळ्यात पापड वाळत घालायचे नसतात आणि चेंबर उघडं ठेवायचं नसतं." हे मला जूनमध्ये सांगायला हवं होतं.

२३ जुलै, बुधवार

आणखी एक घोळ. डावं-उजवं हा आकडा प्रकाशाच्या बेरजेच्या प्रमाणात असतो. बेरीज घसरत असताना कंपन आहे त्यापेक्षा लवकर विझल्यासारखं दिसतं, चढत असताना उशिरा. म्हणजे बर्फाने माझी चकती खरोखर बद्द केली, आणि वर मोजपट्टीही ताणली-आखडली. बेरजेने भागून पुन्हा काढलं: ९८, ४२, २७. मधला ४९ खोटा फुगलेला होता. लॉगरिदमच्या कागदावर रेषा आता सरळ आहे. आधीचा किंचित पोक मी 'सुरुवातीचा गोंधळ' म्हणून कापून टाकत होते.

२५ जुलै, शुक्रवार

शहानिशा. चकती १७० केल्विनपर्यंत चढवली. चढता चढता, दीडशे ओलांडल्यावर, बेरजेने भराभर उलट्या लाटा काढल्या, एक-दोन-तीन-चार-पाच, आणि २.१ वर येऊन थांबली. बर्फ उडून गेला. पुन्हा वीसला आणली. ९७ मिनिटं. चकतीला कोणी हात लावला नाही, टेकू तोच, स्क्रू तेच. नागदेवीचे वॉशर ड्रॉवरमध्ये पडून आहेत, कुणाला हवे असतील तर घ्या.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सरांनी एकाच वाक्यात सांगितलं की हा शोध नवा नाही. जपानमध्ये कामिओकाला डोंगराच्या पोटात कागरा ही गुरुत्वीय लहरींची दुर्बीण आहे, तीन किलोमीटरच्या भुजा, २३ किलोचे नीलमाचे आरसे, वीस केल्विनच्या आसपास थंड करायचे. तिथेही लांबलचक नळ्यांच्या गरम टोकाकडून पाण्याचे रेणू येऊन आरशावर बसतात, आणि त्यांनाही परावर्तन लाटांनी बदलताना दिसलं. तिकडचं भोक म्हणजे तीन किलोमीटरची नळी. माझं आठ मिलिमीटरचं. वाईट वाटून घ्यावं की बरं, ठरवता येईना. बर्फाचा थर म्हणजे आणखी एक बद्द लेप, फुकटात मिळालेला.

उपाय ठरला: भोक तीन मिलिमीटरवर आणायचं, त्याच्या बाहेर शील्डलाच जोडलेली तांब्याची बारा सेंटिमीटरची नळी, आतून काळी केलेली, म्हणजे चकतीला गरम भिंतीचा अगदी छोटा तुकडा दिसेल, आधी शील्ड थंड करायची आणि चकती छोट्या हीटरने दोनशेच्या वर धरून सगळ्यात शेवटी सोडायची, चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन वाहता. आणि बेरीज रोज, प्रत्येक आलेखावर, वरच्या कोपऱ्यात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. मामा औंढ्याहून आले. "अगं, आमच्या हिंगोलीच्या दुर्बिणीचे आरसे तूच करायलीस का?" नाही मामा. लायगो-इंडियाला २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली, २६०० कोटी, पण तिथले आरसे खोलीच्याच तापमानाचे, सिलिकाचे. थंडीचं आमचं काम त्याच्या पुढच्या दुर्बिणींसाठी. मामांनी करंजी मोडत विचार केला. "मग आमच्याकडं बर्फ नाही लागणार." नाही लागणार. "बरंय. उन्हाळ्यात तिथं प्यायलाबी नसतंय."

१९ ऑगस्ट, मंगळवार

कुर्ल्याला रुळांवर पाणी, हार्बर बंद. काल रात्रीपासून लॅबमध्येच आहे, ज्युनियरही. दुपारी वीज डुलकी घेऊन गेली, क्रायोकूलरचा कॉम्प्रेसर बसला. चकती तासाला दोन-तीन अंशांनी चढत होती, आम्ही फरसाण खात तिचा सूर उतरताना बघत होतो. न ठरवता तापमानाचा सुंदर वक्र मिळाला.

बेरीज सपाट. चोवीस तासांत व्होल्टच्या शंभराव्या भागाइतकीही हलली नाही. बाहेर एवढं पाणी असताना.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

लेपाची चकती आली. डब्यावर जूनची तारीख. गणपतीच्या गडबडीत कुरियरवाल्याने ती खालच्या वॉचमनकडे देऊन ठेवली होती, मोदकांच्या पुड्यांशेजारी. सुदैवाने शाबूत.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. मोजू नये हे माहीत होतं, तरी मोजलं. रात्री अकराच्या सुमाराला विझत्या सुराच्या आलेखाच्या शेपटीवर छोटे उंचवटे. ढोलाचा सूर खालचा असतो, तो आम्हाला लागत नाही. ताशाची तडतड मात्र वरच्या सुरांपर्यंत पसरते आणि जमिनीतून टेबलात, टेबलातून भिंगात येते. विझत आलेली चकती मिरवणूक नाक्यावर थांबली की पुन्हा जरा जागी व्हायची. फाइलला नाव दिलं 'ताशा', कचऱ्यात टाकणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आजचे आकडे, बेरजेने भागून, बर्फ नाही याची खात्री करून.

१२३ केल्विन: ७ मिनिटं ५ सेकंद.
२० केल्विन: ३ मिनिटं १० सेकंद.

कोरी चकती तिथेच दीड तासावर टिकते. अर्धा मायक्रॉन लेपाने दीड तासाचे तीन मिनिटं केले. चकतीच्या एकूण ताणऊर्जेतला जेमतेम हजारात साडेतीन हिस्सा लेपात असतो. त्याने भागलं तर लेपाचा फाय निघतो १२३ ला दहा हजारांत चार, २० ला दहा हजारांत नऊ. शिखर आहे. १२३ वरून २० ला येताना नुसत्या तापमानाने गोंगाट अडीच पटीने उतरायला हवा होता. फाय सव्वादोन पट चढल्यामुळे पदरात पडली जेमतेम १.६५ पट शांतता.

शिखर वीसजवळ आलं याचा अर्थ लागतो. हा लेप सहाशे अंश सेल्सियसला भाजलेला आहे, आणि तसं भाजलेल्या टँटलात शिखर याच पट्ट्यात दिसतं असं ग्लासगोच्या गटाने दाखवलं आहे. कमी भाजला तर ते थोडं वर सरकतं. आठशेला भाजला तर टँटला स्फटिक धरू लागतो आणि ऐंशी-नव्वदजवळ भलामोठा डोंगर उभा राहतो. टायटानिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, मिसळला तर शिखर खचतं. पण भाजल्याशिवाय लेप प्रकाश शोषतो, आणि शोषला की थंड आरसा तापतो.

ज्युनियरने आठवण करून दिली: आज दहा वर्षं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली होती, तो तेव्हा पाचवीत होता. कॅन्टीन बंद, म्हणून गेटवरचा वडापाव.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सर आकडे बघून म्हणाले, "लेप एका बाजूलाच आहे. थंडीत चकती वाटीसारखी वाकली असेल. वाकलेल्या चकतीचा ताणऊर्जेचा हिस्सा तोच धरलास का?"

धरला. उद्या वक्रता मोजायची. आणि टायटानियावाल्या चकतीसाठी लेपवाल्यांना फोन. 'पुढच्या आठवड्यात' म्हणाले तर तारीख विचारायची.